पाहुण्यांच्या कॅमेऱ्यातलं फ्लोरियाना

इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर गॅलापागोस द्वीपसमूहात फ्लोरियाना नावाचं बेट आहे. ऑगस्ट १९३२मध्ये जर्मनीतल्या कोलोनहून हाइन्झ आणि मार्गरेट विटमर हे जोडपं, हाइन्झचा मुलगा हॅरी याला घेऊन, इथे कायमचं राहायला आलं. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातले धनाढ्य ॲलन हॅनकॉक ‘व्हेलेरो तिसरी’ हे संशोधन-जहाज घेऊन गॅलापागोसला येत, आणि फ्लोरियानावरच्या या जर्मन रहिवाशांची छायाचित्रं आज आपण पाहतो ती बरीचशी याच सफरींतली. ती बघताना एक गोष्ट विसरून चालणार नाही : जहाज आलं की बेटावर सण असायचा, आणि कॅमेरा टिपायचा तो हाच सणाचा दिवस. एरवीचं जगणं वेगळं होतं. विटमर बेटावर आले तेव्हा मार्गरेटला दिवस गेले होते. घर उभं राहीपर्यंत कुटुंब डोंगरातल्या जुन्या गुहांत राहिलं आणि जानेवारी १९३३मध्ये रॉल्फचा जन्म तिथेच झाला. झऱ्याचं पाणी जपणं, रान साफ करणं, मोकाट गुराडुकरांपासून पीक राखणं हे रोजचं जिणं पाहुण्यांच्या दोन दिवसांत कसं मावणार?

यावर कोणी म्हणेल, छायाचित्र अपुरं असेल, पण खोटं नसतं. उलट मार्गरेटने पुढे लिहिलेलं आत्मकथन ही स्वतःची बाजू मांडणारी आठवण. आक्षेप रास्त आहे. १९३४मध्ये याच बेटावरून एक स्वयंघोषित बॅरोनेस आणि तिचा साथीदार बेपत्ता झाले, त्याबद्दल रहिवाशांनी सांगितलेल्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणूनच फोटो आणि आठवण या दोहोंना बेटाच्या जमिनीवर घासून पाहावं लागतं. निर्मनुष्य रानात पहिलं पाऊल टाकणारं कुटुंब, ही प्रतिमा तिथे टिकत नाही. इक्वाडोरने १८३२मध्ये हे बेट ताब्यात घेऊन इथे वसाहत वसवली होती आणि कैदीही धाडले होते. विटमरांचं पीक तुडवणारी मोकाट जनावरं ही आधीच्या माणसांचीच मागे राहिलेली खूण. बेटावरची महाकाय कासवं तर एकोणिसाव्या शतकातच संपली होती.

यामुळे विटमरांचे कष्ट उणे होत नाहीत. ते फक्त एका लांब साखळीत बसतात. जुनी छायाचित्रं जपावीत, पण कॅमेरा कोणाच्या हातात होता आणि तो किती दिवस तिथे थांबला, हे विचारूनच वाचावीत. पाहुणे आले आणि गेले. मार्गरेट विटमर मात्र २००० साली मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ सात दशकं, फ्लोरियानावरच राहिल्या.