जुनी जीप सावरताना : आधी चासी, मग रंग

स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातील जुन्या गाड्या सावरण्याचा छंद आजही टिकून आहे. पेठ वडगावकरांना त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शिरोलीची औद्योगिक वसाहत आणि कोल्हापूरचे उद्यमनगर जवळ असल्याने लेथवरील कामे तेथे होऊ शकतात.

पैसा मर्यादित असेल, तर खर्चाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम चासी तपासावी. गंजाने ती पोखरली असल्यास सौदाच टाळावा. त्यानंतर ब्रेक, स्टिअरिंग आणि स्प्रिंगचे पाटे, मग इंजिन. रंग व नवे टायर सर्वांत शेवटी. मोठ्या आकाराच्या टायरांमुळे स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकवरील ताण वाढतो.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. इंजिन बदलण्यापूर्वी आरटीओची परवानगी घ्यावी लागते. खासगी वाहनाच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी गाडीची तपासणी होते. तेथे नापास झालेली जीप कितीही देखणी असली, तरी तिला रस्ता बंदच.