टाटा इंडिका

टाटा इंडिका ही टाटा मोटर्स (पूर्वीचे नाव टेल्को) या कंपनीने पुण्यात विकसित केलेली व उत्पादित केलेली छोटी मोटारगाडी होती. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर विक्रीस उपलब्ध झाली. भारतीय कंपनीने स्वतः आखणी करून मोठ्या प्रमाणावर बाजारात आणलेली पहिली प्रवासी मोटार म्हणून तिचा उल्लेख केला जातो. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

पार्श्वभूमी

१९९० पर्यंत टेल्कोची ओळख मालमोटारी व बस बनवणारी कंपनी अशीच होती. सिएरा, इस्टेट आणि सुमो ही पुढील काही वर्षांतील वाहने प्रवाशांसाठी असली, तरी त्यांचा पाया मालवाहू वाहनांचाच होता. खऱ्या अर्थाने मोटारगाडी म्हणता येईल असे वाहन कंपनीने बनवले नव्हते. त्या काळी भारतीय रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक गाड्यांचे मूळ आराखडे ब्रिटिश, इटालियन किंवा जपानी होते. ॲम्बॅसेडरचा जन्मही ऑक्सफर्डच्या मॉरिस गाडीतून झाला होता.

कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष रतन टाटा यांनी नव्या गाडीसाठी ठेवलेली अपेक्षा थोडक्यात अशी होती : आत ॲम्बॅसेडरएवढी जागा, बाहेरून मारुती झेनएवढा आटोपशीर आकार आणि चालवण्याचा खर्च डिझेल गाडीचा. या तीन अटी एकमेकींशी सहज जुळणाऱ्या नव्हत्या. इंडिकाचे गुण व दोष या दोहोंचा उगम याच अटींत सापडतो.

बाह्यरूपाच्या आखणीत इटलीतील तुरिन येथील आयडिया या संस्थेचे साहाय्य घेण्यात आले. प्रकल्पासाठी सुमारे १,७०० कोटी रुपये खर्च झाले. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी निस्सान कंपनीचा ऑस्ट्रेलियातील बंद पडलेला कारखाना विकत घेऊन त्याची यंत्रसामग्री जहाजाने आणून पुण्यात उभारण्यात आली.

रचना

इंडिका पाच दरवाज्यांची हॅचबॅक गाडी होती. तिची लांबी सुमारे ३.६७ मीटर होती. मारुती ८०० ची लांबी ३.३ मीटरच्या आसपास, तर ॲम्बॅसेडरची ४.३ मीटरहून अधिक भरते. एवढ्या लांबीत पाच माणसे ऐसपैस बसवण्यासाठी इंजिन पुढच्या भागात आडवे बसवून पुढची चाके चालवण्याची पद्धत स्वीकारली गेली. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा व त्यासाठी लागणारा तळाचा उंचवटा यांची गरज राहिली नाही. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २.४ मीटर होते, म्हणजे चाके गाडीच्या टोकांकडे सरकवून मधला भाग प्रवाशांना मोकळा केलेला होता. मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होऊ शकत. खडबडीत रस्त्यावर मागच्या आसनावरील प्रवाशांना याचा चांगला लाभ होई.

इंजिन आणि कामगिरी

डिझेल इंजिनाचे नाव ‘४७५’ होते. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर, असा या नावाचा सरळ अर्थ. इंजिनाची क्षमता १,४०५ सी.सी. व शक्ती सुमारे ५३ अश्वशक्ती होती. इंधन थेट सिलिंडरमध्ये न सोडता बाजूच्या लहान कक्षात सोडले जाई. या पद्धतीत यंत्रणा स्वस्त पडते, पण काही उष्णता कक्षाच्या भिंतींत वाया जाते. सुरुवातीच्या इंजिनाला टर्बोचार्जरही नव्हता.

गाडीचे वजन सुमारे एक टन होते. पाच प्रवासी व सामान घेऊन, वातानुकूलन सुरू ठेवून घाट चढताना ही शक्ती अपुरी वाटे आणि वेग पकडण्यास गाडी मंद होती. वेगाची हौस असणाऱ्यांसाठी ती नव्हतीच. तिचे बळ इंधनखर्चात होते. त्या काळी डिझेलचा दर पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास होता. एक उदाहरण घेऊ. नागपूर–हैदराबाद महामार्गावर वर्धा जिल्ह्यातील जाम येथून चंद्रपूरचा रस्ता फुटतो. नागपूरहून या मार्गाने चंद्रपूरला जाऊन येण्याचे अंतर सुमारे ३०० किलोमीटर भरते. लिटरला १५ किलोमीटर धरले तर २० लिटर इंधन लागेल. तेवढ्याच पेट्रोलला जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागले असते. दररोज अशा फेऱ्या करणाऱ्या टॅक्सीचालकाचा नफा या फरकातच होता. टॅक्सी व्यवसायाने इंडिकाला अखेरपर्यंत का धरून ठेवले, ते यावरून कळते.

पेट्रोल इंजिनाची आवृत्तीही उपलब्ध होती, परंतु इंडिकाची ओळख डिझेल गाडी हीच राहिली.

तक्रारी आणि ‘व्ही २’

किंमत सुमारे २ लाख ६० हजार रुपयांपासून सुरू होत असल्याने पहिल्या आठवड्यातच एक लाखाहून अधिक ग्राहकांनी नोंदणी केली. मात्र गाडी हाती आल्यावर तक्रारींचा ओघ सुरू झाला. इंजिनाचा आवाज व कंपने, कठीण पडणारे गिअर, लवकर झिजणारे टायर अशा त्या तक्रारी होत्या. मालमोटारीचा ग्राहक थोडा खडखडाट सोसतो, घरगुती मोटारीचा ग्राहक तो सोसत नाही. हा फरक कंपनीला प्रथमच अनुभवास येत होता. २०००–०१ या वर्षात कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. बाजारातील मंदीमुळे मालमोटारींची विक्री घटणे हेही त्याचे मोठे कारण होते.

कंपनीने विकलेल्या गाड्यांमधील सदोष भाग बदलून दिले आणि २००१ मध्ये सुधारित ‘इंडिका व्ही २’ बाजारात आणली. मूळ आराखडा तोच ठेवून बारीकसारीक उणिवा दूर केल्या होत्या. ही आवृत्ती यशस्वी ठरली व इंडिका देशातील सर्वाधिक खपाच्या गाड्यांत जाऊन बसली. पुढे टर्बोचार्जर व कॉमन रेल पद्धतीची डिझेल इंजिनेही तिला मिळाली.

पुढील रूपे

२००२ मध्ये इंडिकाच्या पायावर डिकी असलेली इंडिगो ही गाडी आली. २००३ मध्ये ब्रिटनमधील एमजी रोव्हर कंपनीने पुण्यात तयार झालेली इंडिका ‘सिटीरोव्हर’ या नावाने विकण्यास सुरुवात केली. तेथील समीक्षकांना ती किमतीच्या मानाने साधी वाटली आणि २००५ मध्ये रोव्हर कंपनीच बंद पडल्याने हा अध्याय संपला. २००८ मध्ये आलेली इंडिका व्हिस्टा ही नव्या आराखड्यावरची, अधिक लांब गाडी होती. तिच्या डिझेल आवृत्तीत फियाटचे १.३ लिटरचे इंजिन होते. व्हिस्टा आल्यानंतरही जुनी इंडिका टॅक्सीचालकांसाठी बनत राहिली. शेवटची काही वर्षे तिचा खप मुख्यतः याच वर्गात होता.