तीव्र निकटदृष्टिता आणि दृष्टिपटलाचे विकार

वऱ्हाडात नेत्ररोगाचा विषय निघाला की प्रथम मोतीबिंदूचे नाव ओठांवर येते, आणि ते स्वाभाविकच आहे. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा मुख्य भर मोतीबिंदूवर होता. गावोगावच्या शिबिरांमुळे असंख्य लोकांना पुन्हा दिसू लागले. परंतु या अनुभवातून एक समजूतही दृढ झाली. डोळा अधू झाला तरी घाई नाही. हंगाम आटोपल्यावर पाहता येईल. मोतीबिंदूपुरती ही समजूत बहुधा निभावून जाते. तीव्र निकटदृष्टितेतून उद्भवणाऱ्या दृष्टिपटलाच्या विकारांत मात्र ती घातक ठरते. तिची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रौढ माणसाच्या नेत्रगोलाची पुढून मागे लांबी साधारणपणे २४ मिलिमीटर असते. ती १ मिलिमीटरने वाढली, तर स्थूलमानाने अडीच ते तीन डायॉप्टरची निकटदृष्टिता निर्माण होते. चष्म्याचा क्रमांक उणे ६ किंवा त्याहून अधिक असल्यास ती तीव्र समजतात. अशा नेत्राची लांबी बहुधा २६ मिलिमीटरच्या पुढे गेलेली असते. अंतर्गोल भिंग प्रतिमेस योग्य जागी आणते, पण ताणल्या गेलेल्या नेत्रगोलास पूर्वस्थितीवर आणू शकत नाही. लेसरने चष्मा घालविणाऱ्या शस्त्रक्रियेसही हेच लागू आहे. चष्मा सुटला म्हणजे धोका सुटला, असे नव्हे.

या ताणाचे परिणाम दोन ठिकाणी दिसतात. पहिले ठिकाण म्हणजे दृष्टिपटलाचा मध्यभाग, पीतबिंदू. नेत्रगोलाची मागील भिंत फुगते, दृष्टिपटल व त्यामागील रंजितपटल विरळ होतात, आणि कधी कधी तेथे नाजूक रक्तवाहिन्या उगवून रक्तस्राव होतो. त्यामागे राहणाऱ्या काळ्या डागाचे वर्णन अर्न्स्ट फुक्स यांनी १९०१ साली केले. सरळ रेषा वाकडी दिसू लागणे हे त्याचे लक्षण होय. आज नेत्रात औषध टोचून या रक्तवाहिन्यांस पुष्कळदा आवर घालता येतो; मात्र उपचार लवकर व्हावा लागतो.

दुसरे ठिकाण म्हणजे दृष्टिपटलाचा कडेचा भाग. तेथे जाळीसारखे विरळ पट्टे पडतात. नेत्रगोल भरून टाकणारा काचाभ द्रव वयोमानाप्रमाणे आकसून दृष्टिपटलापासून सुटतो. निकटदृष्टी माणसात हे लवकर घडते. सुटताना तो जेथे घट्ट चिकटलेला असेल तेथे दृष्टिपटल फाटते. त्या छिद्रातून द्रव मागे शिरतो आणि भिंतीचा ओला कागद सुटावा तसे दृष्टिपटल सुटत जाते. छिद्र हेच या विकाराचे मूळ असून ते बुजविल्याखेरीज तो बरा होत नाही, हे लोझानचे झ्यूल गोनँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत सिद्ध केले. तत्पूर्वी हा विकार जवळजवळ असाध्य मानला जाई.

येथे काळाचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींचे पोषण रंजितपटलातून होते. त्यापासून दुरावल्या की त्या उपासमारीने मरू लागतात. केवळ छिद्र असताना लेसरने त्याभोवती डाग देऊन ते बंद करता येते. दृष्टिपटल सुटले पण पीतबिंदू अद्याप जागेवर आहे, अशा अवस्थेत एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाल्यास वाचण्याची दृष्टी बहुधा टिकते. पीतबिंदू सुटल्यावर दृष्टिपटल परत बसविता आले, तरी दृष्टी पूर्ववत होईलच असे नाही.

आता वरूडचा विचार करू. हा संत्र्यांचा मुलूख. आंबिया बहाराची तोडणी ऐन भरात असताना एखाद्या बागाईतदारास एका डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखी वाटते, काळे ठिपके तरंगू लागतात, मग एका कडेने पडदा सरकत येतो, अशी कल्पना करा. दृष्टिपटलास वेदना नसते. डोळा लालही होत नाही. दुसऱ्या डोळ्याने काम चालते. ‘मोतीबिंदूच असेल’ म्हणून तो थांबतो. या शस्त्रक्रियेची उपकरणे व तज्ज्ञ मोठ्या शहरांत असतात. अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. परंतु खरा विलंब रस्त्यावर होत नसून घरी होतो.

म्हणून उणे ६ च्या पुढील क्रमांकाच्या प्रत्येकाने, दिसण्यास त्रास नसला तरी, बाहुली विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी वेळोवेळी करवून घ्यावी, आणि एकेक डोळा झाकून दुसऱ्याने पाहण्याची सवय ठेवावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या निकटदृष्टी माणसाने अधिकच सावध राहावे. कारण त्यानंतर दृष्टिपटल सुटण्याचा संभव वाढतो. शिबिरांनी लोकांस डोळ्यांच्या उपचारावर विश्वास ठेवावयास शिकविले. कोणता डोळा थांबू शकतो आणि कोणता थांबू शकत नाही, हा भेद शिकविण्याचे कार्य अद्याप शिल्लक आहे.