अर्ध्या कोर्टाची विश्वविजेती

२०१९ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात पी. व्ही. सिंधूने बॅडमिंटनचे जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि देशभर जल्लोष झाला. त्याच आठवड्यात, त्याच शहरात मुंबईत वाढलेल्या मानसी जोशीनेही पॅरा-बॅडमिंटनच्या महिला एकेरीचे जागतिक सुवर्णपदक जिंकले होते. अंतिम सामन्यात तिने पारुल परमारला २१-१२, २१-७ असे हरवले. पारुल म्हणजे या प्रकारात वर्षानुवर्षे दबदबा असलेली, अर्जुन पुरस्कार मिळवलेली आपलीच खेळाडू. तिच्याविरुद्ध इतका एकतर्फी निकाल लागणे सोपे नव्हते. एवढे असूनही, दोन वर्षांनी झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ही विश्वविजेती कोर्टवर दिसली नाही. तिच्या गटाची महिला एकेरी तिथे ठेवलेलीच नव्हती.

पॅरा-बॅडमिंटनमध्ये खेळाडूंचे सहा वर्ग असतात. दोन व्हीलचेअरवर खेळणाऱ्यांचे, दोन उभे राहून खेळणाऱ्या पण पायांत दोष असलेल्यांचे, एक हातात दोष असलेल्यांचा आणि एक कमी उंचीच्या खेळाडूंचा. मानसी एसएल ३ या वर्गात खेळते. पायांतला दोष अधिक असला, चालण्या-धावण्यात तोल सांभाळणे अवघड असले, की खेळाडू या वर्गात येतो. एकेरीचा सामना इथे अर्ध्या कोर्टवर होतो. लांबी पूर्ण १३.४ मीटर, रुंदी मात्र निम्मी.

अर्धे कोर्ट म्हणजे सोपा खेळ, असे ऐकणाऱ्याला वाटते. एखादा सामना नीट पाहिला की हा गैरसमज जातो. प्रतिस्पर्ध्याला डावी-उजवीकडे पळवून गुण मिळवण्याची सोय इथे नाही, म्हणून सारी लढाई पुढे-मागे होते. एक शटल मागच्या रेषेवर उंच, पुढचे जाळ्यालगत अलगद. रॅली लांबतात. मनगट शेवटच्या क्षणापर्यंत बेत लपवते आणि समोरची खेळाडू फसून मागे झुकली, की तिला पुन्हा पुढे यायला एक पाऊल जास्त लागते. कृत्रिम पायावर खेळणाऱ्या खेळाडूला ते एक पाऊल फार महाग पडते. मांडीपासून पाय नसेल तर गुडघाही यंत्राचा असतो. तो केव्हा वाकणार, केव्हा ताठ राहणार याचा अंदाज शरीराला सरावानेच येतो. घामाने पायाचा उरलेला भाग कृत्रिम पायाच्या खोबणीत, म्हणजे सॉकेटमध्ये, सरकतो, कातडी सोलवटते, वजन थोडे कमी-जास्त झाले तरी सॉकेट सैल किंवा घट्ट होतो. हे सगळे सांभाळून जाळ्याजवळ झेपावायचे. मला तर हा बॅडमिंटनचा फार बुद्धिमान प्रकार वाटतो आणि तो टीव्हीवर इतका कमी दिसतो याचे वाईट वाटते.

मानसी लहानपणापासून बॅडमिंटन खेळायची. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात होते. सोमय्या महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता होऊन ती नोकरीला लागली. डिसेंबर २०११ मध्ये दुचाकीवरून कामाला जाताना ट्रकने धडक दिली आणि डावा पाय कापावा लागला. पुढच्या वर्षी कृत्रिम पायावर ती पुन्हा रॅकेट घेऊन उभी राहिली. २०१५ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेविल इथल्या जागतिक स्पर्धेत तिला मिश्र दुहेरीचे रौप्य मिळाले, २०१७ मध्ये कोरियातल्या उल्सानला एकेरीचे कांस्य. २०१८ मध्ये ती हैदराबादला पुलेला गोपीचंद यांच्या अकादमीत गेली. बासेलचे सुवर्ण तिथल्या सरावानंतरचे आहे.

बॅडमिंटनला पॅरालिम्पिकमध्ये घ्यायचे हे २०१४ मध्ये ठरले आणि टोकियोत ते पहिल्यांदा खेळले गेले. एकूण चौदा प्रकार होते. एसएल ३ ची पुरुष एकेरी त्यांत होती आणि प्रमोद भगतने तिचे सुवर्ण जिंकले. महिलांची मात्र नव्हती. कोणता प्रकार घ्यायचा हे ठरवताना तो किती देशांत, किती खेळाडू खेळतात हे पाहिले जाते, आणि मुलींची संख्या बहुतेक वर्गांत कमीच असते. घरातून मैदानापर्यंत पोचणेच अपंग मुलीला इतके कठीण, की हा आकडा वाढणार कसा? आधी आकडा नाही म्हणून संधी नाही, मग संधी नाही म्हणून आकडा नाही, असे हे चक्र आहे. पारुल परमार टोकियोत खेळली, पण एकेरीसाठी तिला कमी दोष असलेल्या एसएल ४ वर्गात, पूर्ण कोर्टवर उतरावे लागले.

२०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत मानसीने एकेरीत कांस्य आणि तुलसीमती मुरुगेसनच्या साथीने दुहेरीत रौप्य मिळवले. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये एसएल ३ ची महिला एकेरी अखेर आली; पण टोकियोत असलेली उभ्या खेळाडूंची महिला दुहेरी यादीतून गेली. मानसी आणि तुलसीमती यांना जोडीने उतरताच आले नाही. एकेरीत मानसी इंडोनेशियाच्या आणि युक्रेनच्या खेळाडूंशी तिसऱ्या गेमपर्यंत झुंजून गटसाखळीतच हरली. तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. त्याच पॅरिसमध्ये कमी उंचीच्या महिलांची एकेरीही पहिल्यांदाच ठेवली होती आणि तमिळनाडूच्या एकोणीस वर्षांच्या नित्याश्री सिवनने त्यात कांस्य जिंकले.