बूड पाहा, पण शिक्क्यासाठी नव्हे

जुनं चिनी भांडं हाती आलं की आपण आधी ते उपडं करतो. बुडावर निळी सहा अक्षरं आणि त्यांत छंगह्वा या मिंग सम्राटाचं नाव दिसलं, की भांडं पंधराव्या शतकातलं ठरवून मोकळे होतो. पण दोनशे वर्षांनी, खांगशी सम्राटाच्या कारकिर्दीत (१६६२–१७२२), चिंगडचन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावचे कारागीर स्वतः घडवलेल्या भांड्यांवर छंगह्वाचंच नाव घालत होते. त्यात दरवेळी फसवणूक नव्हती, जुन्या कसबाचा तो मानही होता. आजचे नकलाकारही तीच अक्षरं काढतात. त्यामुळे शिक्क्यापेक्षा बुडाची कड निरखावी: झिलई कुठे थांबली, उघडी माती किती बारीक, कड कशी तासली.

जुनं म्हणजे राजवाड्यातलं, ही समजूतही खरी नव्हे. १८२२ साली बुडालेल्या ‘टेक सिंग’ या चिनी जहाजातून १९९९ मध्ये सुमारे साडेतीन लाख नग वर आले. त्यांत बहुतेक वाडगे, पेले, बशा, म्हणजे रोजच्या जेवणाचीच भांडी. अशा साध्या वाडग्यात आत, तळाशी, पुष्कळदा झिलई नसलेलं खरखरीत वर्तुळ असतं. लोक ते वापरून झिजलं समजतात. खरं तर भट्टीत वाडग्यावर वाडगा रचताना झिलई वितळून ते एकमेकांना चिकटू नयेत, म्हणून तेवढी जागा मुद्दाम कोरी ठेवत. बोट फिरवलं की कुंभाराची काटकसर हाताला लागते. मला नक्षीपेक्षा तेच वर्तुळ मोलाचं वाटतं.

झिलईतल्या बारीक भेगा हाही वयाचा दाखला नव्हे. निवताना झिलई मातीहून जास्त आकसली की त्या पडतात, चीनमध्ये सुंग राजवटीच्या काळात तर शोभेसाठी मुद्दाम पाडत.

आणि लोणच्याची बरणी? ‘चिनी माती’ हे नाव, पण आपल्या घरातल्या बरण्या बहुतेक खुर्ज्यासारख्या भारतीय गावांतल्या भट्ट्यांतून आल्या.

सेलाडॉन म्हणजे हिरव्या झिलईच्या ताटलीत विषारी अन्न वाढलं की ती तडकते, असं अजून सांगतात. तो हिरवा रंग धूरकट, कमी हवेच्या आंचेत तापलेल्या लोहाचा. विषाची त्याला काहीच खबर नसते. उलट झिलईवर रंगवलेल्या जुन्या गुलाबी-हिरव्या भांड्यांच्या रंगांत शिसं असू शकतं, आणि आंबट पदार्थात ते उतरतं. असा वाडगा कपाटात जरूर मिरवावा. त्यात लिंबाचं लोणचं मात्र काढू नये.