कंपनी दोघांचीच आहे, मग ऑडिट कशाला?

आमसभा, ठराव, लेखापरीक्षण हे शब्द बुलढाणा जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. १९८६ साली सुरू झालेल्या बुलढाणा अर्बनसारखी पतसंस्था इथलीच. पण शेगाव-खामगावकडची इंजिनिअर पोरं अ‍ॅप बनवून प्रायव्हेट लिमिटेड काढतात, तेव्हा हेच शब्द त्यांना बड्या कंपन्यांचे चोचले वाटू लागतात.

‘उलाढालच नाही, तर ऑडिट कसलं?’ हा त्यातला सगळ्यात पक्का गैरसमज. जीएसटी नोंदणीला, आयकराच्या ऑडिटला उलाढालीची मर्यादा असते. छोट्या एलएलपीलाही (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीलाही) सूट आहे. हे कुठेतरी ऐकलेलं असतं, तेच कंपनीला लावलं जातं. कंपनी कायद्यात अशी सूट नाही. नोंदणीनंतर ३० दिवसांत संचालक मंडळाने लेखापरीक्षक नेमायचा. वर्षभरात एक बिलही फाटलं नसलं, तरी ताळेबंद तपासून घ्यायचा आणि वार्षिक विवरणपत्रासह दाखल करायचा. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. दोन फॉर्म वर्षभर राहिले, की झाले ७३ हजार.

दुसरा संचालक हवा म्हणून वडिलांचं किंवा बायकोचं नाव घालतात, ‘फक्त सहीपुरतं’. सहीपुरता संचालक असा प्रकार कायद्यात नाही. सलग ३ वर्षं विवरणपत्रं भरली नाहीत, तर संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतात. वडील दुसऱ्या कंपनीत संचालक असतील तर तिथलंही पद जातं. २०१७ मध्ये सरकारने तीन लाखांहून अधिक संचालकांना असं अपात्र ठरवलं होतं.

मोठा गुंतवणूकदार आला की शिस्त आपोआप येते, असंही मानतात. ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज कंपनीकडे गुंतवणूकदारांची रांग होती. तरी २०२१-२२ चे हिशेब रखडले. जून २०२३ मध्ये डेलॉइटने लेखापरीक्षक म्हणून राजीनामा दिला आणि त्याच सुमारास गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधी संचालक मंडळातून बाहेर पडले.

राहिलं ‘संस्थापकाला कोण काढणार?’ मुंबईच्या हाउसिंग डॉट कॉमचे सहसंस्थापक राहुल यादव यांना संचालक मंडळानेच जुलै २०१५ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी पदावरून दूर केलं. ५१ टक्के शेअर हातात असले तरी निर्धास्त राहू नये. कंपनीची नियमावली बदलायला विशेष ठराव लागतो, आणि त्यासाठी विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने पडावी लागतात. म्हणजे २६ टक्केवाला एकटाच तो अडवू शकतो.