पोटऱ्यांसाठी पाच मिनिटे

गेल्या रमजानमध्ये मी धुळ्याला माहेरी गेले होते. रात्री अब्बांच्या कण्हण्याने जाग आली. पलंगाच्या कडेला बसून ते उजवी पोटरी दोन्ही हातांनी दाबत होते. हात लावून पाहिला तर पोटरी दगडासारखी घट्ट. "तरावीहला उभं राहिलो की रात्री गोळा येतोच. वयाचं दुखणं आहे, बेटा," ते म्हणाले.

अब्बांनी तीस वर्षे लूम चालवले. धुळे-मालेगावात ज्यांच्या घरी लूमची मजुरी आहे, त्यांना ते काम सांगायला नको. बारा तासांची पाळी, या मागावरून त्या मागावर फेऱ्या, तुटलेला धागा जोडायचा, संपलेली कांडी बदलायची. बसायला फुरसतच नाही. पण हे फक्त लूमवाल्यांचे नाही. मी जळगावला शाळेत उभ्याने तास घेते आणि घरी येऊन ओट्यापाशी उभी राहते. दुकानात, हातगाडीवर, हॉटेलच्या भट्टीपाशी काम करणाऱ्या आपल्या भावांचेही तेच.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. अब्बा काही महिन्यांपासून खुर्चीवर बसून नमाज पढत होते. सजद्यातून उठताना टाच जमिनीला टेकत नव्हती, तोल जात होता. गोळ्यापेक्षा याचेच दुःख त्यांना जास्त होते. फक्त बोलले नव्हते.

आम्ही त्यांना डॉक्टरांना दाखवले. साखर, रक्तदाब, पायातील रक्तप्रवाह तपासून डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. तिथे एक साधी चाचणी झाली. भिंतीपासून थोड्या अंतरावर पाऊल ठेवायचे, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटीमीटर दूर ठेवूनही गुडघा भिंतीला लागला, तर घोटा चांगला वाकतो असे समजतात. अब्बांचा अंगठा भिंतीला जवळजवळ चिकटवावा लागला. पोटऱ्या आखडल्या होत्या.

पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा गुडघ्याच्या वरून निघतो, आतला गुडघ्याच्या खालून. दोन्ही मिळून जाड दोरीसारख्या शिरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. हे स्नायू आखडले की घोटा पुरेसा वाकत नाही. मग उकिडवे बसताना टाचा उचलल्या जातात, जिना उतरताना अडखळायला होते, तळव्यावर ताण येऊन टाच दुखू शकते. सतत उंच टाचांच्या चपला वापरणाऱ्या मुलींच्या पोटऱ्याही अशाच आखडतात.

उपाय घरातच आहे. भिंतीसमोर उभे राहून दोन्ही तळहात भिंतीवर टेकवा. एक पाय मागे घ्या. त्याची बोटे भिंतीकडे, टाच जमिनीला टेकलेली, गुडघा सरळ. आता पुढचा गुडघा हळूहळू वाकवा. मागच्या पोटरीत ताण जाणवला की तिथेच ३० सेकंद थांबा. श्वास रोखू नका, झटके देऊ नका. मग टाच तशीच टेकवून मागचा गुडघाही थोडा वाकवा आणि पुन्हा ३० सेकंद थांबा. हा ताण आतल्या स्नायूला मिळतो. प्रत्येक पायाला दोनदा. एवढ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. ताण जाणवावा, दुखू नये. ज्यांना उभे राहता येत नाही त्यांनी पाय लांब करून बसावे आणि तळव्याला ओढणी अडकवून ती आपल्याकडे ओढावी.

झोपण्यापूर्वी असा ताण दिल्याने रात्रीचे गोळे कमी होतात का? नेदरलँड्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंचावन्न वर्षांवरील ८० जणांना घेतले होते. ज्यांनी सहा आठवडे रोज रात्री पोटऱ्या आणि मांडीचा मागचा भाग ताणला, त्यांचे गोळे कमी झाले. सगळ्यांनाच गुण येईल असे नाही, पण याला खर्च काहीच नाही. गोळा आलाच तर गुडघा सरळ करून पायाची बोटे आपल्याकडे ओढा.

काही वेळा मात्र व्यायाम करू नये. एकच पोटरी अचानक सुजली, लाल किंवा गरम झाली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिला चोळू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. चालताना पोटरी दुखते आणि थांबल्यावर राहते, असे होत असेल तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. मधुमेही आणि तंबाखू-बिडीवाल्यांनी हे मुळीच अंगावर काढू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पायात गोळे येतात. तरी औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

अब्बांनी पहिल्या आठवड्यात कंटाळा केला. मग माझा लहान मुलगा त्यांच्या शेजारी भिंतीला हात लावून उभा राहू लागला आणि मोठ्याने तीसपर्यंत मोजू लागला. दोन-अडीच महिन्यांनी अब्बांनी खुर्ची बाजूला केली. उठताना अजून एक हात जमिनीवर टेकवतात, गोळाही अधूनमधून येतो. पण सजदा जमिनीवर होतो, अल्हमदुलिल्लाह.

नमाज ही इबादत आहे, व्यायाम नव्हे. पण ज्या शरीराने ती अदा करायची, तेही अल्लाहची अमानत आहे. आज इशानंतर घरातील मोठ्यांना भिंतीपाशी बोलवा, आणि तीसपर्यंत मोजायचे काम मुलांकडे द्या.